तू-आम्ही

क्लेमान्स कोकुमनं हातातली बशी टेबलावर ठेवली, खुर्चीच्या पाठीवरचा कोट उचलला, एक बाही घातली आणि दुसरी घालता घालताच ती दाराबाहेर पडली. सभागृहात शंभरेक माणसं होती, सगळी दाराकडे बघत राहिली. तिची नात रेनी माइकसमोर पुतळ्यासारखी उभी. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आजीला आजीच्या भाषेत चार शब्द ऐकवले होते, आणि आजी उठून चालती झाली होती.

आमचे प्रकल्पप्रमुख टॉल्बट लगबगीनं पुढे आले. कोकुमला भावना अनावर झाल्या, असं त्यांनी माइकवरून सांगून टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात काही वर उठेनात. आनंदानं रडत बाहेर जाणारी बाई मी पाहिली आहे, आणि मान मिळाला नाही म्हणून मांडवातून उठून जाणारी बाईही पाहिली आहे. मिरजेतल्या माझ्या सगळ्या आत्या त्या दुसऱ्या जातकुळीतल्या. कोकुमची पाठ मला थेट त्यांच्यासारखी दिसली.

हे सगळं घडलं कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात, बेल-कूले नावाच्या गावात. नकाशात शोधू नका, नकाशावाल्यांना सापडण्याइतकं ते मोठं नाही. मी हेमांगी सरपोतदार. बोलणारी यंत्रं बरोबर बोलतात की नाही हे तपासणं माझं काम. नवरा म्हणतो, माणसांचं बोलणं तपासायची खोड होतीच, आता त्याचा पगार मिळतो एवढंच. कोकुम म्हणजे आजी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फस्सकन हसू आलं होतं, कारण आमच्याकडे कोकम आमटीत घालतात. क्लेमान्सबाईंना मी ते सांगितलं तर त्या म्हणाल्या, आमच्याकडेही आजी सगळ्यातच पडते.

त्यांची भाषा मिशिफ. जुन्या काळी कातड्यांचा व्यापार करायला फ्रेंच पुरुष या माळरानावर आले, इथल्या क्री बायकांशी त्यांचे संसार झाले, आणि त्यांच्या पोरांनी एक अजब भाषा जन्माला घातली. नामं सगळी बापाची, फ्रेंच. क्रियापदं सगळी आईची, क्री. घर, कुत्रा, चहा, रोटी या वस्तू बापाच्या भाषेत जागच्या जागी बसलेल्या, आणि येणं, जाणं, रुसणं, भरवणं आईच्या भाषेत चाललेलं. जगाच्या पाठीवर असली वाटणी दुसरीकडे फारशी सापडत नाही. मग शाळा आल्या. मिशिफ बोललं की मार. मार खाल्लेल्या पोरांनी आईबाप झाल्यावर आपल्या पोरांशी ती भाषा बोलायचीच नाही असं ठरवलं. क्लेमान्सबाईही आपल्या मुलीशी, म्हणजे रेनीच्या आईशी, आयुष्यभर इंग्रजीच बोलल्या. आता त्या गावात ती भाषा घडाघडा बोलणाऱ्या त्या एकट्या उरल्या होत्या.

तिथं आमच्या संस्थेनं आणलं ते औषध. त्याचं इंग्रजी नाव चांगलं हातभर लांब आहे. मी त्याला खिडकी म्हणते.

बघा, लहान मूल भाषा शिकत नाही, ती त्याच्या अंगात मुरते. कारण तेव्हा मेंदूतल्या पेशींभोवतीची जाळी अजून बांधली गेलेली नसते. पुढे ती जाळी घट्ट होते, आणि मग आपण जन्मभर व्याकरणाची पुस्तकं घोकत बसतो. हे औषध ती जाळी सहा-सात आठवडे सैल करतं. तेवढ्या काळात पंचविशीतला माणूसही दोन वर्षांच्या पोरासारखा भाषा पितो. मग जाळी पुन्हा आवळते आणि जे आत गेलं ते मातृभाषा होऊन बसतं. शुद्ध गेलं तर शुद्ध, चुकीचं गेलं तर चुकीचं. खिडकी दुसऱ्यांदा उघडता येत नाही, उघडली तर आधीच्या भाषाही हलतात. ओल्या सिमेंटवर पाय पडला तर ठसा पुढे कायमचा राहतो, तसंच ते.

पण दोन वर्षांच्या पोराशी दिवसभर बोलणारी आई लागते. गावचे चाळीसेक तरुण तयार झाले होते आणि बोलणारी आजी एक, तीही ऐंशीच्या पुढची. म्हणून यंत्र. क्लेमान्सबाईंच्या कितीतरी वर्षांच्या ध्वनिमुद्रणांवर पोसलेलं, त्यांच्याच आवाजात बोलणारं. कानामागे टिकलीएवढा तुकडा चिकटवायचा, की आजी सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत कानात गप्पा मारते, विचारते, उत्तर देते, चेष्टा करते. मी या कामावर आले ती यंत्र तयार झाल्यावर. उच्चार तपासले, झकास होते. सहाव्या आठवड्यात ती चाळीस पोरं धबधब्यासारखी मिशिफ बोलू लागली, आणि टॉल्बटनी कोकुमला ऐकवायला सोहळा ठेवला.

त्या सोहळ्यात रेनीनं तीन वाक्यं म्हटली होती. मागच्या पडद्यावर इंग्रजी अर्थ उमटत होता. आता आम्ही मिशिफ बोलतो. आम्ही ती मरू देणार नाही. आम्ही घरी आलो आहोत.

इंग्रजीत त्यात वावगं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं जेवत होतो. माझा नवरा गुरनाम पंजाबी, इथंच विनिपेगमध्ये वाढलेला. माझ्यासाठी मराठी शिकला, आणि मोठ्या ऐटीत बोलतो. राजमा वाढता वाढता त्यानं विचारलं, "हेमा, शनिवारी आम्ही तळ्यावर जाऊया का?"

एरवी माझं उत्तर ठरलेलं असतं. जा की, तुम्ही कोण कोण जाताय, मला कशाला विचारता? मग तो कपाळावर हात मारतो आणि 'आपण, आपण' म्हणतो. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस, पण त्याच्या पंजाबीत एकच 'असीं', हिंदीत एकच 'हम', इंग्रजीत एकच 'वी'. आम्ही आणि आपण यांतला फरक त्याच्या जिभेला काही केल्या चिकटत नाही.

त्या दिवशी मात्र माझा घास हातातच राहिला. आम्ही घरी आलो आहोत. कोण आलं होतं? तू सोडून आम्ही सगळे. शंभर माणसांसमोर, तिच्याच आवाजात शिकलेल्या तिच्या नातीनं क्लेमान्सबाईंना सांगितलं होतं, की ही भाषा आमची, हे घर आमचं, तू त्यात नाहीस.

गुरनामनं विचारलं, भात गार झाला का. मी नाही म्हणाले, पण जेवण काही गेलं नाही.

सकाळी कार्यालयात जाऊन मी टिकली स्वतःच्या कानामागे चिकटवली. मला मिशिफ मोडकीतोडकी येते, पण प्रश्न विचारण्यापुरती पुरते. तू आणि मी एका टेबलाशी जेवायला बसलो आहोत, असं मी यंत्राला सांगितलं. आता मला सांग, आपण काय करतोय?

क्लेमान्सबाईंचा आवाज, तोच, थोडा बसका, हसरा. "नियनान," ती म्हणाली, आणि पुढे जेवण्याचं क्रियापद.

मिशिफमध्ये 'निया' म्हणजे मी, 'किया' म्हणजे तू. त्यावरून दोन शब्द होतात. नियनान, म्हणजे आम्ही, ज्याच्याशी बोलतोय त्याला वगळून. कियनान, म्हणजे आपण, त्याला धरून. त्यांच्या 'आपण'मध्ये पहिला 'तू' बसलेला असतो. मी यंत्राला दहा रीतीनं विचारलं. आपण दोघी चालतोय, आपण दोघी हसतोय, आपण दोघी बहिणी आहोत. दहाही वेळा त्या गोड आवाजानं मला दाराबाहेर उभं केलं. मी टिकली ओढून काढली ती कानामागचे दोन केस घेऊनच निघाली.

टॉल्बटना सांगितलं तेव्हा ते आधी हसले. कियनान तर प्रत्येक व्याकरणात आहे म्हणाले. आहे ना. पण यंत्र व्याकरण वाचून शिकलं नव्हतं, पोरासारखं ऐकून शिकलं होतं. आणि ऐकलं काय होतं? एक म्हातारी बाई बाहेरून आलेल्या अभ्यासकांना आपलं आयुष्य सांगतेय. आम्ही सस्कातूनच्या झुडपांची जांभळी रानफळं वेचायला जात असू. आम्ही घोडागाडीत दाटीवाटीनं बसत असू. आम्ही हिवाळ्यात अशी रोटी भाजत असू. पाहुण्याला आणखी काय सांगणार? 'आपण जात असू' म्हणायला तो पाहुणा त्या गाडीत होता थोडाच. शब्दाशब्दाखाली इंग्रजी अर्थ लिहिणाऱ्यांनी प्रत्येक ठिकाणी इंग्रजीतला तो एकच शब्द लिहिला, आणि कुणाच्या काही ध्यानात आलं नाही.

हे ऐकून टॉल्बट हबकले, पण लगेच सावरले. त्यात काय, संध्याकाळपर्यंत कियनान घालून टाकतो म्हणाले. मला राग आवरेना. मीठ आहे का, की वरून भुरभुरलं आणि झालं? 'आपण' म्हणायचं ते कुणाला, हे यंत्राला कोण सांगणार? खिडकी बंद व्हायला जेमतेम आठवडा उरला होता. एवढ्यात त्या पोरांना तो शब्द खऱ्या माणसाकडून, खऱ्या अर्थानं ऐकायला मिळाला नाही, तर ती जन्मभर एकमेकांना, आपल्या नवराबायकोला, आपल्या लेकरांना 'आम्ही' म्हणत राहणार. भाषा वाचली असती आणि घर बुडालं असतं.

मी गाडी काढली आणि बेल-कूले गाठलं.

क्लेमान्सबाईंचं घर गावाच्या टोकाला, खाली नदीचं खोरं. मी दार वाजवलं तर आतून "पीतिक्वे" असं आलं, म्हणजे ये आत. त्यांनी चहा ठेवला, गालेट कापली. गालेट म्हणजे त्यांची जाड रोटी, तव्यावर नाहीतर भट्टीत केलेली. सोहळ्याचं नाव त्यांनी काढलं नाही. मग मीच आमच्या मराठीतलं आम्ही आणि आपण त्यांना समजावून सांगितलं. गुरनामच्या चुकाही सांगितल्या. त्या लहान मुलीसारख्या हसल्या. तुमच्यातही आहे का हे, म्हणाल्या, मग तू फ्रेंचांपेक्षा बरी. दोन-तीनदा 'आपण' म्हणायला लावलं आणि स्वतः म्हणून पाहिलं. त्यांना ण काही जमला नाही.

मी मग धीर करून विचारलं. रेनीचं बोलणं लागलं ना तुम्हाला? पण तिनं मुद्दाम नाही म्हटलं. यंत्राला तो शब्दच माहीत नाही.

क्लेमान्सबाईंनी कप खाली ठेवला.

"यंत्राला माहीत होता," त्या म्हणाल्या. "मीच सांगितला होता."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. यंत्र तयार होत असताना त्याचा एक डबा संस्थेनं त्यांच्या स्वयंपाकघरात ठेवला होता, रोज थोडं बोलत जा म्हणून. धाकटी बहीण अदेल त्याच्या आदल्याच हिवाळ्यात गेली होती. मिशिफमध्ये उत्तर देणारं घरात कुणी नव्हतं, आणि हा डबा देत होता. दुधाची तहान ताकावर. पहिल्या काही दिवसांत त्या त्याला अदेलशी बोलावं तसं बोलू लागल्या. चल, आपण चहा घेऊ. आज आपण खिडकीशी बसू. कियनान, कियनान. आणि दर वेळी डबा त्यांच्याच आवाजात उत्तर द्यायचा, हो, नियनान. हो, आम्ही चहा घेऊ. हो, आम्ही बसू.

मला लगेच उमगलं काय झालं होतं. त्या हजारो जुन्या वाक्यांपुढे ही मूठभर नवी वाक्यं. यंत्रानं ती म्हातारीच्या जिभेची चूक समजून पुसून टाकली होती.

"पहिल्यांदा वाटलं, चुकतोय बिचारा," त्या म्हणाल्या. "मग वाटलं, नाही, बरोबर बोलतोय. मी अदेलचा शब्द एका डब्याला द्यायला निघाले होते, त्यानं घेतला नाही. मग मी तो बंदच केला. परवा तोच डबा माझ्या नातीच्या तोंडून बोलला."

मी म्हटलं, म्हणूनच तुम्ही चला. अजून वेळ आहे. त्या पोरांशी बोला, त्यांना 'आपण' म्हणा.

त्यांनी मान हलवली. रागानं नाही, अगदी शांतपणे. कियनान म्हणायला माणूस आपला असावा लागतो, म्हणाल्या. ती पोरं माझ्या आवाजाशी बोलली, माझ्याशी नाही. सहा आठवडे झाले, चाळिसांतलं एकही या उंबऱ्याला आलं नाही. माझा फोन वाजला नाही. रेनीसुद्धा आली नाही. पूर्वी दर रविवारी यायची, इंग्रजीतच बोलायची, पण यायची. मिशिफ शिकायला लागली आणि यायची थांबली. आता मी त्यांना कियनान म्हटलं तर ते खोटं होईल. खोटं बोलून भाषा शिकवायची असेल तर तुमचा डबा माझ्यापेक्षा बरा.

मी गालेटचा उरलेला तुकडा संपवला आणि रेनीला गाठायला निघाले.

रेनी विनिपेगमध्ये प्राथमिक शाळेत शिकवते. चोवीस वर्षांची, सरळ, मनानं निर्मळ मुलगी. मी तिला शाळेच्या पटांगणावर गाठलं आणि आडवळण न घेता सगळं सांगितलं. आम्ही, आपण, डबा, अदेल. ती पांढरीफटक पडली. शेवटी मी म्हटलं, तू सहा आठवड्यांत आजीकडे एकदाही गेली नाहीस.

"असं कसं म्हणता?" ती म्हणाली. "मी तर रोज तिच्याशी..."

वाक्य तिथंच राहिलं. तिचा हात आपोआप कानामागे गेला होता. स्वतःचं बोलणं स्वतःच ऐकून ती मटकन पायरीवर बसली. सकाळी उठल्यावर आजी, बसमध्ये आजी, भाजी चिरताना आजी. तिची आजीची भूक रोज भागत होती, म्हणून फोन करावासा वाटला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथं तर कळसा काखेत आहे या समजुतीवर ती सहा आठवडे निर्धास्त होती, आणि काखेत होतं भलतंच. तिनं टिकली सोलून काढली, क्षणभर तळहातावर धरली आणि माझ्या हातात दिली. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं तिच्या चेहऱ्याकडे पाहून मला वाटलं.

त्याच दिवशी रजा टाकून ती बेल-कूलेला राहायला गेली.

क्लेमान्सबाईंनी तिला आत घेतलं, जेवू घातलं, गादी घालून दिली. मिशिफमध्ये बोलल्याही. पण फक्त मी आणि तू. निया, किया. तू कांदा चिर, मी पीठ मळते. तू झोप, मी दिवा घालवते. जिथं म्हणून 'आपण' यायला हवं, तिथं त्या वाक्य मोडून दोन तुकडे करायच्या. रेनी रोज मला फोनवर सांगायची. तिला तो शब्द डोक्यानं माहीत होता, मीच सांगितला होता. तरी तोंड उघडलं की नियनान बाहेर पडायचं, आणि आजीचा चेहरा मिटायचा. पाठ केलेला शब्द आणि मुरलेला शब्द यांत किती अंतर असतं हे मला त्या आठवड्यात कळलं. रेनी म्हणायची, मी तोंड उघडायलाच भिते.

इकडे टॉल्बटनी आपलं म्हणणं खरं केलं आणि यंत्रात कियनान घातला. मी विरोध केला तर मला बैठकीतून वगळलं.

खिडकीच्या अगदी शेवटच्या दिवसांतली ती दुपार. खिडकी कितपत मिटली ते बघायला रेनीच्या मेंदूची तपासणी करायची म्हणून मी गेले होते, तपासणीचं यंत्र पिशवीत. दोघी स्वयंपाकघरात होत्या. मी दाराशीच थांबले, कारण आत काहीतरी चालू होतं.

रेनी गालेट भाजत होती. हातभर पीठ, कपाळाला पीठ. एक बाजू करपली होती, आणि क्लेमान्सबाई हसू दाबत होत्या. रेनीलाही हसू आलं. तिला बहुधा म्हणायचं होतं, की आपण आज करपलेली खाऊ. ती 'नि' म्हणाली आणि थांबली. ओठ घट्ट मिटले. पुन्हा उघडले. आजीकडे बोट केलं, स्वतःकडे केलं, दोन बोटं एकमेकांत अडकवली, आणि तिच्या तोंडून भलताच शब्द आला.

"किया-नियनान."

तू-आम्ही.

असा शब्द मिशिफमध्ये नाही. व्याकरणात नाही, ध्वनिमुद्रणांत नाही, यंत्राच्या पोटात तर नाहीच. मला वाटलं, झालं, आता म्हातारी उठून जाणार.

क्लेमान्सबाईंच्या हातातला चिमटा खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही. त्या रेनीकडे अशा बघत राहिल्या, जणू समोर कुणी मेलेलं माणूस उठून बसलं होतं. मग इंग्रजीत, मला की स्वतःला कोण जाणे, त्या म्हणाल्या, "अदेल असंच म्हणायची."

अदेल बोलायला लागली तेव्हा तिला कियनान येत नसे. घरातली सगळी पोरं त्या वयात तसंच म्हणत. तू-आम्ही. दोन-अडीच वर्षांचं पोर ज्याला सोडायचं नसतं, त्याला असं पुढे बांधून घेतं. मग कुणीतरी मोठं माणूस सुधारून द्यायचं. ही चूक कुणा अभ्यासकाच्या कानावर कधी पडलीच नव्हती, कारण अभ्यासक आले तेव्हा गावात ती बोलणारं बाळ राहिलं नव्हतं. यंत्र चुकलं होतं ते यंत्रासारखं. रेनी चुकली ती त्या घरातल्या लेकरासारखी.

क्लेमान्सबाई उठल्या, जवळ गेल्या आणि पदरानं पुसावं तसं आपल्या बाहीनं तिच्या कपाळावरचं पीठ पुसलं. तोंडातला घास चुकल्यावर बोट घालून सरळ करावा, तितक्या सहज त्या म्हणाल्या, "किया-नियनान नाही गं. कियनान."

"कियनान," रेनी म्हणाली.

"कियनान," क्लेमान्सबाई म्हणाल्या, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की शब्द आपल्या तोंडून गेला. त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग तो काढला. मग परत म्हणाल्या, आता नीट, पुढे खाण्याचं क्रियापद लावून. आपण खाऊ. करपलेलीच खाऊ.

मी दाराशी उभी राहून रडत होते. ते सांगायला मला काही लाज नाही.

बाकीच्यांचं काय झालं तेही सांगते. त्या उरलेल्या दोन-तीन दिवसांत रेनीनं सगळ्यांना फोन केले. दहा-बारा जण टिकल्या काढून आले, क्लेमान्सबाईंच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीनं बसले, बोलणी खाल्ली, गालेट खाल्ली. बाकीचे यंत्राबरोबर राहिले. त्यांना टॉल्बटचा कियनान मिळाला, आणि आता ते तो बसच्या चालकाला म्हणतात, दुकानदाराला म्हणतात, कधी स्वतःच्या मुलालाच म्हणायला विसरतात. त्यांच्या जिभेवर शब्द आहे, पण कुणाला म्हणायचा ते ठाऊक नाही, आणि आता खिडकी बंद आहे. एका गावात एकाच आवाजानं शिकलेली दोन तऱ्हेची माणसं झाली. क्लेमान्सबाई पाठमोऱ्या बसूनही ओळखतात, कोण आलं होतं आणि कोण नाही. टॉल्बटच्या अहवालात मात्र सगळे सारखेच यशस्वी आहेत. दुसऱ्या एका भाषेसाठी हीच खिडकी उघडायची तयारी चालू आहे असं परवा ऐकलं.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलंच. मी डोळे पुसून आत पाऊल टाकलं, पिशवीतलं तपासणीचं यंत्र काढायला लागले. क्लेमान्सबाईंनी वळून बघितलं. त्यांनी नातीच्या खांद्यावर हात टाकला, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि मिशिफमध्ये, सावकाश, मला कळावं अशा बेतानं एक वाक्य म्हटलं. त्याची सुरुवात होती नियनान. आम्ही आता जेवायला बसतोय.

व्याकरण अगदी शुद्ध होतं. मी पिशवी बंद केली आणि गाडीची किल्ली शोधू लागले.